पाण्याखालचं सामान : टिकणारं आणि टाकून देता येणारं

(मंडळाच्या छंदांवरच्या कार्यक्रमात केलेलं भाषण, थोडंसं नीटनेटकं करून)



आत्ता माझी ओळख करून देताना ‘दिवसा सॉफ्टवेअर आणि शनिवारी मासे’ असं सांगितलं गेलं. ते खरं आहे. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, पोटापाण्यासाठी आय.टी. कन्सल्टंट, आणि शनिवारी पहाटे सॅन डिएगोच्या समुद्रात श्वास रोखून, हातात भाला घेऊन मासे मारणारा माणूस. समोर बसलेल्या शाकाहारी मंडळींची आधीच माफी मागतो. पण आजचं बोलणं माशांपेक्षा सामानाबद्दल जास्त आहे, त्यामुळे तुम्हीही ऐकायला हरकत नाही.

मला नेहमी दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, ‘शार्कची भीती नाही वाटत का?’ आणि दुसरा, खास आपला मराठी प्रश्न, ‘एवढ्या सामानाला खर्च किती येतो, आणि ते टिकतं का?’ पहिल्याचं उत्तर ‘वाटते’ असं एका शब्दात देता येतं. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मला वीस मिनिटं हवीत. शिवाय ‘टिकतं’ म्हणजे नक्की काय, हे मला स्वतःला फार उशिरा आणि जरा महागात कळलं. तेही सांगणार आहे.

थोडी पार्श्वभूमी. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. माझा मामा पागेरानं मासे पकडायचा. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्या मागे मागे फिरायचो. पाग टाकायला त्याला फार तर दोन मिनिटं लागायची, पण घरी आल्यावर तो तासभर ते जाळं घेऊन बसायचा. गोड्या पाण्यात बुचकळायचं, सावलीत वाळत घालायचं, तुटलेला आस शिवायचा, खालच्या कडेच्या शिशाच्या गोळ्या चाचपून बघायच्या. मी कंटाळून म्हणायचो, ‘मामा, उद्या कर ना!’ तो म्हणायचा, ‘समुद्राक घाई नसता रे बाबू. तो सावकाश खाता.’ पुढे इंजिनिअरिंगला गंज कसा चढतो ते शिकलो, समीकरणंही पाठ केली. पण मामाच्या त्या एका वाक्यापलीकडे परीक्षेत काही नवीन आलं नाही.

सॅन डिएगोला प्रोजेक्टवर आलो तेव्हा कळलं की या खेळाची इथे जुनी परंपरा आहे. ‘बॉटम स्क्रॅचर्स’ नावाचा इथला क्लब 1933 साली सुरू झाला. तेव्हा दुकानात काही मिळत नव्हतं. जॅक प्रोडानोविच आणि वॉली पॉट्स या त्यांच्यातल्या मंडळींनी आपल्या भालाबंदुका स्वतःच्या हातांनी घडवल्या. वेटसूट तर त्या वेळी नव्हताच. तो आला 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला. बर्कलीच्या ह्यू ब्रॅडनर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की पाण्यात उबदार राहायला कोरडं राहण्याची गरज नाही, कापडात अडकलेले हवेचे बुडबुडे ऊब धरून ठेवतात. म्हणजे सुरुवातीची ही माणसं थंड पाण्यात उघड्या अंगानं जात होती. आपण त्यांच्यापुढे लाडावलेलेच.

मला शिकवलं ते सत्तरीतल्या एका निवृत्त सुतारकाकांनी. ते आपल्या बंदुका अजून स्वतः करतात, आणि कशाच्या, तर सागाच्या! त्यांच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा गेलो आणि सागाच्या भुशाचा वास आला, तेव्हा मला थेट आजोळचं माजघर आठवलं. साग तेलकट असतो, पाणी सहजी पीत नाही, म्हणून होडीला चालतो तसा बंदुकीलाही चालतो. त्यातही ते एकसंध फळी घेत नाहीत. पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून दांडा करतात, म्हणजे एक पट्टी एकीकडे वाकायला लागली तर दुसरी तिला सरळ धरून ठेवते. वर्षातून एकदा तेलाचा हात दिला की झालं.

आता एकेक वस्तू घेऊ.

पहिला प्रश्न भाल्याचा. नवीन माणसानं बंदूक घेऊच नये, असं माझं मत आहे. पोल स्पिअर घ्यावा. एक लांब दांडा, मागे रबराचा फास, पुढे टोक. रबर अंगठ्यात अडकवून दांडा ताणून धरायचा आणि सोडायचा. त्यात ना घोडा, ना स्प्रिंग, ना स्क्रू. जितके भाग कमी तितकं बिघडायला कमी, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. शिवाय माशाच्या अगदी जवळ जावं लागतं, त्यामुळे हालचाल शांत ठेवायची सवय लागते.

बंदूकच घ्यायची झाली तर रबराची घ्यावी. हवेच्या दाबावर चालणारीही मिळते, पण तिच्या आतल्या सीलला वाळूचा एक कण पुरतो, आणि ती दुरुस्ती स्वयंपाकघराच्या टेबलावर होत नाही. रबराच्या बंदुकीत नळी ॲल्युमिनियमची, लाकडाची किंवा कार्बनची असते. ॲल्युमिनियम स्वस्त आणि मजबूत, पण एक गोष्ट बघून घ्या. ॲल्युमिनियमच्या नळीत स्टीलचे स्क्रू बसवलेले असतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे शाळेत आपण केलेली बॅटरी! त्यात बळी जातो तो ॲल्युमिनियमचा. स्क्रूभोवती पांढरी पावडर दिसली की समजायचं, नळी झिजायला लागली. उपाय साधा आहे. वर्षातून एकदा स्क्रू काढायचे, स्वच्छ धुवायचे, ग्रीस लावून परत बसवायचे. म्हणून विकत घेतानाच दुकानदाराला विचारायचं, ‘ही मला घरी उघडता येईल का? हिचे सुटे भाग मिळतात का?’ उत्तर ‘उघडायची गरजच पडत नाही’ असं आलं तर दुकानाबाहेर पडायचं.

घोड्याची यंत्रणा स्टीलचीच घ्या. तिच्यावर ताणलेल्या रबरांचा सगळा भार येतो. रबर मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणलेलं असतं. भरलेली बंदूक हातात असताना प्लास्टिकच्या खाचेवर विश्वास ठेवायची माझी तयारी नाही. आणि बंदूक पाण्याबाहेर कधीही भरायची नाही. कधीही म्हणजे कधीही.

बाणाचं, म्हणजे शाफ्टचं, पोलाद दोन प्रकारचं मिळतं. एक स्प्रिंग स्टील. ते चिवट असतं, पण जस्ताचा मुलामा गेला की दोन आठवड्यांत लालेलाल. दुसरं 17-4 नावाचं स्टेनलेस. त्यात सुमारे 17 टक्के क्रोमियम आणि 4 टक्के निकेल असतं, आणि उष्णतेची प्रक्रिया करून ते कठीण केलेलं असतं. मी दुसरं घेतो. पण ‘स्टेनलेस’ या शब्दावर फार विसंबू नका. स्टेनलेसवर क्रोमियमच्या ऑक्साईडचा एक अतिशय पातळ थर असतो, तोच त्याचं रक्षण करतो, आणि तो थर पुन्हा पुन्हा तयार व्हायला प्राणवायू लागतो. ओला बाण कोंदट पिशवीत गुंडाळून गाडीच्या डिकीत आठवडाभर ठेवला, की त्या थराला हवा मिळत नाही आणि बारीक खड्डे पडायला लागतात. माझा पहिला बाण असाच गेला. सोमवारी रिलीज होती, म्हणून रविवारी सामान धुतलं नाही. ‘समुद्राक घाई नसता’, पण घाई मला होती!

रबर म्हणजे लॅटेक्स. बाहेरून काळं, आतून काकवीच्या रंगाचं. याला टिकाऊ म्हणूच नका. ऊन, उष्णता आणि तेल हे याचे तीन शत्रू. नखानं ताणून बघितलं आणि बारीक भेगा दिसल्या की बदलायचं, महाग वाटलं तरी. मी दर सीझनला बदलतो. तीच गोष्ट बाणाच्या दोरीची. नायलॉनच्या दोरीवरून बोट फिरवायचं, कुठे खरखरीत लागलं की तेवढा भाग कापून नवीन गाठ किंवा क्रिंप. मामा जाळ्यावरून बोटं फिरवायचा ना, अगदी तसंच.

वेटसूट आमच्या पाण्याला 5 मिलिमीटरचा पुरतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या वरच्या बाजूला जाणारे 7 चा घालतात. मासेमारीचा सूट दोन तुकड्यांचा असतो, टोपी जोडलेली, आणि आतून अस्तर नसलेला. तो कातडीला चिकटून बसतो, म्हणून ऊब चांगली. पण कोरडा अंगात जात नाही. पार्किंगमध्ये उभं राहून साबणाचं पाणी आत ओतून घालावा लागतो. आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं मला त्या अवस्थेत पाहिलं आणि सोमवारी फार सहानुभूतीनं विचारलं, ‘घरी पाण्याचा प्रॉब्लेम आहे का?’

या सुटात टिकाऊपणा बघायचा तो तीन ठिकाणी. छातीवर जाड पॅड हवं, कारण बंदूक भरताना तिचा दस्ता तिथेच टेकतो. गुडघ्यांना जाड कापड हवं. आणि शिवण एका बाजूनं चिकटवून मग शिवलेली हवी. आतला रबरी पृष्ठभाग नखानं फाटतो, पण रबराच्या गोंदानं घरी दहा मिनिटांत चिकटतो. फाटतं म्हणून वाईट आणि फाटत नाही म्हणून चांगलं, असं नसतं. फाटल्यावर शिवता येतं का, ते बघायचं.

मास्क छोटा घ्या. आतली हवा जितकी कमी, तितकी खाली गेल्यावर नाकातून कमी भरावी लागते. काच टेम्पर्ड, रबराऐवजी सिलिकॉन, आणि मुख्य म्हणजे तुमच्या चेहऱ्याला बसणारा. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकानं श्वास ओढा. चिकटून राहिला तर तुमचा, पडला तर दुकानदाराचा.

फिन्समध्ये पैसा फार वाया जातो. कार्बनची पाती हलकी आणि झकास, किंमत ढोबळमानानं प्लास्टिकच्या तिप्पट ते पाचपट. पण ज्याला खडकांवरून चालत, लाटा खात पाण्यात शिरायचं आहे, त्याच्या पायात ती फार दिवस राहत नाहीत. किनाऱ्यावरून जाणाऱ्यानं प्लास्टिक घ्यावं. पाय आणि पातं स्क्रूनं जोडलेलं असावं, म्हणजे पातं गेलं तर पातंच बदलता येतं. होडीतून जाणाऱ्यानं खुशाल कार्बन घ्यावं.

इथवर मी जे सांगितलं ते सगळं मला पहिल्या दोन वर्षांत कळलं होतं. एक्सेल शीट केलं होतं! प्रत्येक वस्तूची किंमत, किती डाइव्ह झाले, दर डाइव्हला किती पैसे पडले. त्या शीटमध्ये सगळ्यात स्वस्त ठरलेली वस्तू होती माझा वजनाचा पट्टा. सूट तरंगतो, म्हणून कमरेला शिशाची वजनं बांधावी लागतात. माझा पट्टा नायलॉनचा, जुना, कोणाकडून तरी फुकट मिळालेला. बकल दणकट. मला वाटायचं, आयुष्यभर टिकेल.

पट्ट्याचं टोक फार लांब होतं. ते केल्पमध्ये अडकायचं. केल्प म्हणजे इथलं समुद्री जंगल, तळापासून वरपर्यंत उंचच उंच. म्हणून मी ते टोक नीट दुमडून पट्ट्याखाली खोचून टाकलं, वर सुरीची म्यान सरकवली. एकदम व्यवस्थित दिसत होतं.

त्या दिवशी मला व्हाइट सीबास मिळाला. नाव ‘बास’ असलं तरी हा मासा आपल्या घोळीच्या कुळातला, तिच्यासारखाच पाण्यात घुमणारा. 28 इंचांपेक्षा लहान घेता येत नाही. हा चांगलाच मोठा होता. बाण लागला आणि तो केल्पमध्ये शिरून दोरी गुंडाळून बसला. मी वर आलो, पुरता दम घेतला नाही, परत खाली गेलो. साधारण 12 मीटरवर. गुंता सोडवत बसलो. छाती आतून धक्के द्यायला लागली, तरी ‘अजून एक वेढा’ असं करत राहिलो. मग वर निघालो. पाय जड झाले. शिकवलेलं आठवलं, पट्टा टाक. बकल उघडलं. पट्टा पडला नाही. टोक खोचलेलं होतं, त्यावर सुरी होती. पट्टा कमरेलाच राहिला.

पाण्यावर आलो एवढं आठवतं. पुढचं आठवत नाही. सुतारकाकांनी सांगितलं ते असं, की मी एक श्वास घेतला, मान टाकली आणि खाली जायला लागलो. ते वरच थांबून माझ्याकडे बघत होते. त्यांनी हनुवटी धरून तोंड पाण्याबाहेर ठेवलं, मास्क काढला, गालावर फुंकर मारत माझं नाव घेत राहिले. काही सेकंदांत मी डोळे उघडले. मला वाटलं, मी आत्ताच तर वर आलोय.

हे का होतं ते समजून घ्या, कारण तुमची मुलं स्विमिंग पूलमध्ये ‘कोण जास्त वेळ’ खेळतात. श्वास घ्यायची तीव्र इच्छा होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. आधी जोरजोरात श्वास घेतले तर कार्बन डायऑक्साइड उतरतो, इच्छा उशिरा होते, ऑक्सिजन मात्र त्याच वेगानं संपत असतो. माणूस काही न जाणवता बेशुद्ध पडतो. खोल पाण्यात आणखी एक फसवणूक असते. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे फुफ्फुसात उरलेला थोडका ऑक्सिजनही पुरेसा वाटतो. वर येताना शेवटच्या 10 मीटरमध्ये तो दाब निम्मा होतो, आणि जो पुरत होता तो अचानक पुरेनासा होतो. म्हणून अपघात तळाशी कमी आणि पाण्याजवळ किंवा पाण्यावर आल्यानंतर जास्त होतात.

किनाऱ्यावर आल्यावर सुतारकाका मला काही बोलले नाहीत. माझा पट्टा घेतला, माझ्याच सुरीनं ते लांब टोक कापलं आणि बकल दोनदा उघडून दाखवलं. मग एवढंच म्हणाले, ‘या खेळात ही एकच वस्तू हरवण्यासाठी विकत घ्यायची असते.’

मंडळी, त्यानंतर माझं एक्सेल शीट बदललं. आधी एकच प्रश्न होता, ‘किती दिवस टिकेल?’ आता तीन आहेत. एक, हे मोडेल तेव्हा कसं मोडेल? दोन, मोडल्यावर मला घरी दुरुस्त करता येईल का? आणि तीन, हे माझ्या अंगावरून एका हातानं, न बघता सोडता येईल का? मी रबराचा पट्टा घेतला. खाली गेल्यावर सूट दबून पातळ होतो, नायलॉनचा पट्टा सैल पडून घसरतो, रबराचा आकसून कमरेवर राहतो. टोक मोकळं असतं, एक हिसका दिला की सुटतो. वजनही कमी केलं. श्वास सोडून पाण्यावर स्थिर राहिलो तरी मी तरंगलंच पाहिजे. सुरी पट्ट्यावरून काढून दंडावर आणली. प्रत्येक शनिवारी पाण्यात शिरायच्या आधी पट्टा एकदा वाळूत टाकून बघतो. लोक हसतात. हसू देत.

अजून दोन बाबी. पाण्यावर माझ्यासोबत फ्लोट आणि लाल झेंडा असतो, पांढऱ्या तिरक्या पट्टीचा. होड्यांना कळतं की इथे खाली माणूस आहे. आणि परवाना. सोळा वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या सगळ्यांना लागतो. राखीव क्षेत्रांचा नकाशा दर वेळी बघायचा. दक्षिण कॅलिफोर्नियातली आत्ताची क्षेत्रं 2012 पासून लागू आहेत, आणि ला होयाचा काही भाग त्यात येतो. नारिंगी गॅरिबाल्डी आणि प्रचंड मोठा जायंट सीबास यांना हात लावायचा नाही. जेवढे घरात आणि शेजारी खाल्ले जातील तेवढेच मारायचे. बाण लागलेला मासा तडफडत ठेवायचा नाही, लगेच सुरीनं संपवायचा. हेही सामानाइतकंच महत्त्वाचं.

आता शेवटचं. त्या दिवसाबद्दल मी घरी चार महिने काही बोललो नाही. ‘तिला उगाच काळजी’ असं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे छंद बंद होईल याची भीती होती. एका संध्याकाळी आमची पाच वर्षांची मुलगी टबमध्ये नाक धरून ‘बाबासारखं’ करत होती, आणि मी धावत जाऊन तिला ओरडलो, इतका की ती रडायला लागली. बायकोनं विचारलं, ‘काय झालं होतं तुला तिथे?’ मग सगळं सांगितलं. आज ती समोर बसली आहे, त्यामुळे यात तिखटमीठ लावायची सोय नाही. ती रागावली, पण पाण्यात गेलो म्हणून नाही. लपवलं म्हणून. मग तिनं एक अट घातली. एकट्यानं कधीही जायचं नाही, आणि जोडीदार असा हवा की एक खाली असताना दुसरा वरच थांबेल. वर आल्यावरही निदान तीस सेकंद तो नजर हलवणार नाही.

म्हणून कोणी मला विचारलं की सगळ्यात टिकाऊ सामान कुठलं घेऊ, तर मी आधी विचारतो, ‘तुझ्याबरोबर कोण येणार?’ ते ठरलं की मग बंदुकीचं बोलू. सुतारकाका आता पंच्याहत्तरीला आले. खोल जात नाहीत, पण अजून वर तरंगत माझ्याकडे बघत राहतात. गेल्या वर्षी मी वेंगुर्ल्याला गेलो तेव्हा मामाला त्यांच्या सागाच्या बंदुकीचा फोटो दाखवला. मामानं चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि विचारलं, ‘ह्यो माणूस धुवन ठेवता मां?’ म्हटलं, ‘हो, रोज.’ ‘मगे बरो आसा,’ म्हणाला.

तो पहिला पट्टा गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेला आहे. बकल अजून दणकट आहे, एक डागसुद्धा नाही. ज्यांना पाण्यात यायचं असेल त्यांनी आधी तो येऊन बघावा. चहा मिळेल, आणि मोसम असेल तर मासेही!